बसायची हाडं

दुपारी मेथी निवडायला खाली बसले. जुडी मोठी, माती भरपूर, घरात कोणी नाही. निम्मी निवडून होतेय तोवर बुडाखाली दोन्ही बाजूंना काहीतरी टोचायला लागलं. खडा असेल म्हणून फरशीवरून हात फिरवला. खडा नव्हता. हाडं होती, माझीच.

तशी ती जन्मापासून तिथेच आहेत. शाळेत बसकरावर, पंगतीत पाटावर, एसटी स्टँडच्या सिमेंटच्या बाकावर सगळा भार त्यांनीच घेतला आणि कधी चकार शब्द काढला नाही. आता काढायला लागली. वजन बाकी सगळीकडे वाढतंय आणि जिथे मांस हवं तिथलंच नेमकं उतरतंय, हा कुठला न्याय?

बसण्याच्या बाबतीत मी जरा खडूस आहे. माणूस कसा बसतो हे बघितल्याशिवाय त्याच्याबद्दल माझं मत बनत नाही. लग्नाच्या बोलणीला आलेला मुलगा सोफ्यावर घसरत घसरत पार माकडहाडावर आला, की माझ्या मनात त्याच्या नावावर फुली. बूड टेकायला दोन भक्कम हाडं दिलीत ना, मग त्यांच्यावर बसा. माकडहाड हे शेपटीचं शिल्लक राहिलेलं बिल आहे, त्यावर कसले रेलता? सोफा हे फर्निचरच मला संशयास्पद वाटतं. पाहुणा एकदा त्यात रुतला की तो लवकर उठत नाही आणि चहा दोनदा होतो.

शरीरशास्त्राचं माझं ज्ञान म्हणाल तर ते सगळं उसनं. माझी भाची एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. तिने एका सीनिअरकडून हाडांचा अर्धा सेट विकत घेतला आणि ताईने तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. "घरात देव आहेत," म्हणाली. म्हणून खोकं आमच्याकडे, बेडखाली. देव आमच्याकडेही आहेत, पण आमचे चालवून घेतात. भाची शनिवार-रविवारी येते, जमिनीवर हाडं मांडते आणि मोठमोठ्याने पाठ करते. स्वयंपाकघरात माझ्या कानावर पडतं. बसायच्या हाडांचंही तिनेच सांगितलं. उभं असताना कुल्ल्याचा मोठा स्नायू त्यांच्यावर पसरलेला असतो; आपण बसलो की तो बाजूला सरकतो. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी अंग काढून घेतो. असे लोक माझ्या ओळखीत आहेत.

एकदा तिने कमरेचं हाड माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "सांग मावशी, उजवं की डावं?"

मी ते उलटंसुलटं केलं. दुसऱ्या कशासारखं दिसेल तर शपथ. छताच्या पंख्याचं पातं कुणी मधोमध धरून पिळावं, तसं काहीतरी. वर रुंद पसरट पाळं, मध्ये बाहेरच्या अंगाला खोल वाटी, म्हणजे आपला खुबा, आणि खाली एक मोठं भोक. रंग जुन्या पियानोच्या पट्टीचा. आधीच्या कुणीतरी त्यावर लाल आणि निळ्या नेलपेंटने खुणा केलेल्या. स्नायू जिथून निघतो तिथे लाल, जिथे जाऊन चिकटतो तिथे निळा.

"भिंतीला लाव," भाची म्हणाली. "वाटी बाहेर, भोक खाली. हे पुढचं टोक आणि हे खालचं टोक, दोन्ही एकदम भिंतीला टेकली पाहिजेत. आपल्या अंगात ते तसंच असतं." मी लावलं. आणि तेव्हा कळलं की हे हाड माझ्या कल्पनेपेक्षा कितीतरी पुढे झुकलेलं असतं. मला वाटायचं, कमरेत एक घमेलं सरळ ठेवलंय आणि त्यात आतडी. तसं नाहीच. घमेलं ओतायच्या बेतात आहे.

हे एक हाड मुळात तीन हाडं असतात, हेही तिनेच सांगितलं. इलियम, इस्कियम, प्युबिस. लहानपणी ती वेगवेगळी, मध्ये लवचीक कूर्चा. खुब्याच्या वाटीत तिघं भेटतात आणि साधारण चौदा-सोळाच्या वयात तिथे जुळून येतात. म्हणजे आठवीपर्यंत मुलं कमरेतसुद्धा एकमताची नसतात. सुश्रुताने श्रोणीत, म्हणजे कमरेच्या या घमेल्यात, पाच हाडं मोजली होती. त्यासाठी प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचं आणि मग कुंच्याने हळूहळू एकेक थर घासून काढत बघायचं, अशी त्याची पद्धत. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, "आमच्याकडे प्रेत टिकवायला फॉर्मॅलिन असतं." बरं बाई.

वरच्या पाळ्याचा मधला भाग फार पातळ असतो. हाड खिडकीशी धरलं तर त्यातून चक्क उजेड दिसला, मधाच्या रंगाचा. आणि मला आजी आठवली.

१६ फेब्रुवारी १९८०. सूर्यग्रहण. कारवार-हुबळीकडे खग्रास होतं; आम्ही सांगलीत, आमच्या वाट्याला खंडग्रास, पण बराचसा सूर्य झाकणारं. रस्ते ओस. दुपारचा सगळा स्वयंपाक आधीच उरकून दुधा-दह्यावर तुळशीपत्रं ठेवलेली. मुलांनी बाहेर डोकावायचं नाही. आजी माजघरात खाटेवर. त्याच्या आदल्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून तिचा खुबा मोडला होता. मिरजेला नेलं, पायाला वजन लावून किती तरी दिवस निजवून ठेवलं, आणि परत आली ती काठी घेऊन. जमिनीवर बसणं संपलं. जेवायला तिच्यापुढे स्टूल यायचं आणि ती त्या स्टुलाकडे असं बघायची की जणू ते तिच्याच ताटातलं खाणार आहे. त्या वेळचा तिचा एक्स-रे कपाटामागे उभा करून ठेवलेला होता. चुलतभावाने तो पळवला आणि आम्ही सगळे माळ्यावर.

काचेवर काजळी धरायची युक्ती सगळ्यांना माहीत होती, पण एक्स-रे म्हणजे भारीच. (आता तज्ज्ञ ओरडून सांगतात की असं करू नका, डोळे जातात. करू नका.) हाडाच्या पांढऱ्या भागातून बघितलं की डोळे दिपायचे. म्हणून फिल्म सरकवत सरकवत आम्ही काळसर जागा शोधली, ती सापडली बरोबर मध्ये, दोन्ही बाजूंच्या हाडांच्या कमानीत. त्या गोलात कुरतडलेला सूर्य दिसला. ढकलाढकली करत सगळ्यांनी आळीपाळीने बघितला. माझे वडील, दोन्ही काका आणि आत्या ज्या वाटेने या जगात आले, तिथूनच आम्ही त्यांची पोरं ग्रहण बघत होतो, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार? माझ्याही ते भाचीच्या खोक्यामुळे आलं.

खाली आल्यावर मार बसला. कुठल्या हाडांवर ते सांगत नाही.

त्या वाटेची गंमत अशी की ती सरळ नाही. वरच्या तोंडाशी आडवी रुंद, साधारण १३ सेंटिमीटर, पुढून मागे ११च्या आसपास. खालच्या तोंडाशी उलट. त्यामुळे बाळाचं डोकं आडवं शिरतं आणि आत वळून बाहेर येतं. सुइणींना हे बोटांनी कळायचं. माझ्या मुलाचं डोकं वळलं नाही. आडवं शिरलं आणि आडवंच राहिलं. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ वाट बघितली, मग सिझर. अजूनही तो सांगितलं तिकडे वळत नाही, पण ते जाऊ दे.

ऑपरेशन टेबलवर भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मला पाठीत वाकून बसवलं आणि मागून दोन्ही कमरांवर हात ठेवले. गार हात. अंगठे मणक्याकडे. मी घाबरलेली, आणि मनात भलतंच आलं: विठोबासारखा धरलाय याने मला. पुढे भाचीकडून कळलं की कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेघ कमरेच्या चौथ्या मणक्याशी जाते आणि तिथून सुईची जागा मोजतात. आमचा विठोबा नेमका त्याच कडांवर हात ठेवून उभा आहे. त्याचं हे उभं राहणं इतकं ओळखीचं, की घरात कुणी तसं उभं राहिलं तर काहीतरी मागायचंय किंवा काहीतरी नाकारायचंय, हे बघताक्षणी समजतं.

त्याच कडेवर मूल बसतं. कळशीही. चिंपांझीचं हे हाड उंच आणि पाठीवर चपटं असतं. आपलं बुटकं आणि बाजूला वळलेलं. त्यामुळे कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू चालताना एका पायावर आपल्याला तोलून धरू शकतात. इथिओपियात हदार इथे १९७४मध्ये लूसी सापडली, ३२ लाख वर्षांपूर्वीच्या मानवपूर्वज मादीचा सांगाडा. तिचं कमरेचं डावं हाड आणि त्रिकास्थी, म्हणजे माकडहाडाच्या वरचं हाड, मिळाली आणि ती दोन पायांवर चालत होती याचा त्यात पुरावा निघाला. शास्त्रज्ञांना चालणं महत्त्वाचं. मला वाटतं, बाजूला कड आली आणि बायकांनी तिथे पोर ठेवून दुसऱ्या हाताने काम सुरू केलं असेल. याला पुरावा नाही. पण डावीकडे मूल आणि उजव्या हाताने भाकरी उलटणारी बाई ज्याने बघितली आहे, त्याने मला खोटं ठरवून दाखवावं.

शेरवुड वॉशबर्न नावाच्या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९६०मध्ये मांडलं होतं की चालण्यासाठी कंबर अरुंद हवी आणि मोठ्या डोक्याच्या बाळासाठी रुंद. या ओढाताणीमुळे माणसाचं बाळ अर्धकच्चं जन्माला येतं. २०१२मध्ये हॉली डन्सवर्थ आणि तिच्या सहकाऱ्यांनी वेगळं सांगितलं: कमरेचा दोष नाही, नऊ महिन्यांच्या पुढे आईच्या शरीराला बाळ पोसण्याइतकी ऊर्जाच पुरवता येत नाही. मला दुसरं लगेच पटलं. नवव्या महिन्यात जिना चढलेल्या कुणालाही पटेल.

भाचीच्या त्या हाडाला मागच्या बाजूला एक मोठी खाच आहे. तिने माझा अंगठा त्या खाचेत ठेवला आणि म्हणाली, "हलव." हलला, ऐसपैस. "पुरुषाची असती तर अंगठा दाटीवाटीने बसला असता. म्हणजे ही बाई." मग सांध्याजवळचा एक लहानसा खळगा दाखवला, तोही बायकांच्या हाडात जास्त दिसतो. ती परीक्षेच्या भाषेत बोलत होती. मी मात्र हाड खाली ठेवलं.

कोण होती? विचारून उपयोग नाही. एके काळी जगभरच्या मेडिकल कॉलेजांना हाडं भारतातून जायची, कलकत्ता त्या व्यापाराचं केंद्र. १९८५मध्ये सरकारने निर्यात बंद केली. आपल्याकडे मुंबईचा शरीररचना कायदा १९४९चा. बेवारस मृतदेह कॉलेजांना द्यायची सोय त्यात आहे. आता बरेच जण प्लॅस्टिकचे सेट वापरतात, पण जुनी हाडं एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे फिरत राहतात आणि नेलपेंटचे थर वाढतात. या बाईला कुणी विचारलं असेल का? वारस असता तर ती या खोक्यात आली असती का? भाचीला विचारलं. ती म्हणाली, "मावशी, व्हायव्हाला हे विचारत नाहीत."

देहदानाचा फॉर्म मी मागेच आणून ठेवलाय. सगळा भरलाय, माझी सही केलीय, खाली दोन साक्षीदार हवेत, त्यात एक जवळचा नातेवाईक. नवऱ्यापुढे ठेवला की त्याला एकदम पाण्याच्या टाकीची आठवण होते. मुलगा म्हणतो, आई, प्लीज. ताईकडे तर काढायची सोयच नाही. तिथे देव आहेत. राहता राहिली भाची. तिने फॉर्म नीट वाचला, दोनदा, आणि म्हणाली, "मी करते सही, पण आधी माझं पहिलं वर्ष सुटू दे."