तेर: पांढरीच्या टेकाडांवर वसलेलं गाव

तुळजापूरला जाणाऱ्या गाड्या धाराशिवहून सरळ पुढे निघून जातात, तेरकडे फारसं कुणी वळत नाही. धाराशिवपासून जेमतेम वीसेक किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी हे गाव आहे. धाराशिवहून एसटी मिळते, पण परतीच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्याच विचारून घ्या.

आधी रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय बघा. लामतुरे इथलेच. गावाभोवतीच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांवर सापडणाऱ्या वस्तू त्यांनी जन्मभर जमवल्या आणि त्यातूनच हे सरकारी संग्रहालय उभं राहिलं. मणी, मातीच्या मूर्ती, सातवाहनांची नाणी, शंखाच्या बांगड्या पाहताना वेळ कसा जातो कळत नाही. हस्तिदंती स्त्रीमूर्तीपाशी मात्र मुद्दाम थांबा. तिच्याशी नातं सांगणारी मूर्ती इटलीत, ज्वालामुखीने गाडलेल्या पॉम्पेईत मिळाली आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ‘तगर’चा उल्लेख येतो. तिथलं सुती कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जायची. ते तगर म्हणजेच हे तेर. शिलाहार राजे पुढे कितीतरी शतकं स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत होते, त्यावरून या गावाचा दबदबा कळतो.

हे सगळं डोळ्यांखालून गेलं की मग त्रिविक्रम मंदिरात जा. मला सगळ्यात भावलं ते हेच. बाहेरून बघाल तर मागची बाजू अर्धगोल आणि छप्पर हत्तीच्या पाठीसारखं. लेण्यांमधलं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, आपण डोंगरात कोरलेलं पाहतो, इथे ते विटांनी बांधून जमिनीवर उभं आहे. मूळ वास्तू बौद्ध असावी, पुढचा मंडप नंतरचा, असं अभ्यासक मानतात. अशा वास्तू देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, आंध्रातल्या चेझर्ल्याचं कपोतेश्वर मंदिर त्यांपैकीच एक. उत्तरेश्वराचं मंदिरही विटांचंच. इथल्या जुन्या विटा इतक्या हलक्या, की पाण्यावर तरंगतात.

नदीकाठी संत गोरोबाकाकांची समाधी आहे. मडकी घडवायच्या थापटण्याने त्यांनी संतांची डोकी तपासून नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ती गोष्ट याच गावची. चैत्र वद्य त्रयोदशीला पुण्यतिथी असते. सोहळा अनुभवायचा असेल तर तेव्हा या, निवांत बघायचं असेल तर तो आठवडा टाळा.

टेकाडांवर फिरताना खापरं, मणी पायाशी दिसतील. कृपा करून उचलू नका. वस्तू जागची हलली की ती कुठल्या थरातली, कुठल्या काळातली हे सांगणारा पुरावाच जातो. आता टेकाडांवर घरं आहेत, तेव्हा कुणाच्या अंगणातून जाताना विचारूनच जा.

थंडीत या, मराठवाड्याचं ऊन फेब्रुवारीनंतर सोसत नाही. संग्रहालयाची साप्ताहिक सुट्टी आधी विचारून घ्या, आणि सकाळी लवकर आलात तर दुपारनंतर धाराशिवची लेणीही त्याच दिवशी होतात.