तुम्ही विचारलंत म्हणून: साथ येणार हे वरच्या लोकांना आधी कळत नाही का?

लग्नात, बँकेच्या रांगेत, सोसायटीच्या जिन्यात, कुठेही गेले तरी हा प्रश्न मला विचारला जातो. कोविडनंतर तर फारच. काही जण पुढचंही बोलून दाखवतात: कळलं होतं, तर मग दाबून का ठेवलंत? राज्याच्या आरोग्य सेवेत मी साथरोग सर्वेक्षणाचं काम केलं, आधी तालुक्याला, मग जिल्ह्याला आणि शेवटची वर्षं राज्य पातळीवर. त्यामुळे हा प्रश्न मला विचारला जावा हे योग्यच आहे. जिन्यात उभं राहून त्याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

कळतं. पण जे कळतं ते अर्धवट असतं, आणि त्या अर्धवट माहितीवर कुणीतरी सही करायची असते. साथीच्या धोक्याचा अंदाज बांधणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याचं काम ते हेच.

पावसाळ्यातली संध्याकाळ असते. प्राथमिक आरोग्य केंद्रातला एखादा तरुण वैद्यकीय अधिकारी फोन करतो. "मॅडम, एकाच वस्तीवरची तीन मुलं आहेत. सकाळी ताप आला, दुपारी झटके सुरू झाले. एक मूल रेफर करताना वाटेतच गेलं." विदर्भात काम केलेल्या कुणाच्याही मनात अशा वेळी पहिलं नाव येतं ते चांदिपुराचं. हा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळच्या त्याच नावाच्या गावात सापडला. वाळूमाशीतून पसरतो आणि लहान मूल एक-दोन दिवसांतही दगावू शकतं. पण तो जपानी मेंदूज्वरही असू शकतो, मेंदूत गेलेला मलेरिया असू शकतो, मुलांनी खेळता खेळता धोतऱ्याचं बी खाल्लेलं असू शकतं. नमुने पुण्याला एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, पोचून अहवाल येईपर्यंत वेळ जाणार. तोवर माझ्या हातात प्रश्न असतात. तिन्ही मुलं एकाच घरची का? भिंती मातीच्या आहेत का, त्यांना भेगा आहेत का? वस्तीजवळ डुकरं आहेत का? या आठवड्यात आणखी कुणाला ताप येऊन गेला का? पाठीच्या मणक्यातलं पाणी काढलं का, आणि काढलं असेल तर ते बर्फात आहे ना?

त्या रात्री अर्ध्या पानाचं टिपण लिहायचं असतं. शक्यता किती, घडलंच तर परिणाम किती गंभीर, आणि हे मी कितपत खात्रीने म्हणते आहे, असे तीन रकाने. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धतही साधारण अशीच आहे. शक्यता मध्यम, परिणाम गंभीर, खात्री कमी. खाली दोन ओळी: शेजारच्या वस्तीत उद्या संध्याकाळपर्यंत असाच रुग्ण निघाला तर मी माझा अंदाज वर नेईन, अहवालात दुसरंच काही आलं तर खाली आणेन. आणि मग निदान काहीही निघालं तरी ज्यात नुकसान नाही अशी कामं: घरोघर तापाचा सर्व्हे, भिंतींवर फवारणी, केंद्रावर रुग्णवाहिका तयार.

पहिले दोन रकाने बहुतेक जण भरतात. तिसरा भरायला छाती लागते. "खात्री कमी" असं लिहून वर पाठवलं की वरून फोन येतोच: नक्की काय ते सांगा. नक्की काय ते माहीत नसताना नक्की असल्यासारखं न बोलणं आणि तरीही उद्या सकाळी काय करायचं ते ठामपणे सांगणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमाव्या लागतात. ज्येष्ठ पदावर बसवायच्या माणसात मी हेच आधी पाहीन.

जागतिक पातळीवर हेच काम करणाऱ्यांचं काय होतं, हे मार्गारेट चॅन यांच्या कारकिर्दीवरून नीट दिसतं. १९९७ मध्ये त्या हाँगकाँगच्या आरोग्य संचालक होत्या. एच५एन१ हा बर्ड फ्लू माणसांत आल्याचं तिथे पहिल्यांदाच दिसलं. १८ जणांना लागण झाली, ६ दगावले. सुरुवातीला लोकांनी घाबरू नये म्हणून आपण रोज चिकन खातो असं त्यांनी सांगितलं होतं आणि त्यावरून त्यांना पुष्कळ बोलणी खावी लागली. वर्षाच्या शेवटी मात्र शहरातल्या झाडून सगळ्या, दहा लाखांहून जास्त कोंबड्या थोड्या दिवसांत मारण्यात आल्या आणि माणसांतली लागण थांबली. पुढे २००३ मध्ये सार्स या श्वसनाच्या नव्या आजाराने हाँगकाँगमध्ये २९९ माणसं गेली. चीनच्या शेजारच्या ग्वांगडाँग प्रांतातून येणाऱ्या बातम्यांकडे पुरेसं लक्ष दिलं नाही, असा ठपका तिथल्या विधिमंडळाच्या चौकशीने त्यांच्यावर ठेवला.

२००७ मध्ये त्या जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालक झाल्या. २००९ मध्ये मेक्सिकोतून स्वाइन फ्लू आला, त्यांनी २५ एप्रिलला आंतरराष्ट्रीय आणीबाणी आणि ११ जूनला महामारी जाहीर केली. विषाणू भीती होती तेवढा मारक ठरला नाही, तेव्हा युरोपातून आरोप झाले की उगाच घबराट पसरवली, लस कंपन्यांचं भलं केलं. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला. साथ हाताबाहेर गेली आहे असं तिथे प्रत्यक्ष काम करणारे 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'चे लोक जूनमध्ये सांगत होते, आणीबाणी जाहीर झाली ८ ऑगस्टला. अकरा हजारांवर माणसं मेली. या वेळी आरोप उशीर केल्याचा होता.

एकाच व्यक्तीवर एकदा घाई केल्याचा आरोप आणि एकदा उशीर केल्याचा. माझं मत विचाराल तर २००९ चा निर्णय बरोबर होता आणि २०१४ चा चुकला. पण हे मी शेवटी किती माणसं मेली त्यावरून म्हणत नाही. एप्रिल २००९ मध्ये टेबलावर काय होतं? नवा विषाणू, धडधाकट तरुण माणसं दगावल्याच्या बातम्या, आणि दोन देशांत झालेला प्रसार. तेवढ्यावर आणीबाणी जाहीर करणंच योग्य होतं. जून २०१४ मध्ये टेबलावर काय होतं? तीन देशांत पसरलेली साथ आणि तिथूनच येणारी मदतीची हाक. तेवढं पुरे होतं. आणि ज्यांना २००९ चा फ्लू सौम्य वाटतो, त्यांनी त्या ऑगस्टमधलं पुणे आठवावं. देशातला त्या फ्लूचा पहिला मृत्यू इथे झाला. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी लागलेल्या रांगा, तोंडाला रुमाल बांधलेली शाळकरी मुलं, बंद झालेल्या शाळा. त्या रांगेत उभ्या असलेल्या आईला "सौम्य आहे हो" असं कुणी सांगू शकलं नसतं.

घाईच्या बाजूने खरी चूक झाली ती अमेरिकेत, १९७६ मध्ये. न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स या लष्करी तळावर डुकरांतल्या फ्लूने एक सैनिक दगावला, आणखी काहींना लागण झाली. १९१८ च्या फ्लूच्या महासाथीची आठवण सगळ्यांच्या मनात होती. सीडीसी या तिथल्या रोगनियंत्रण संस्थेचे संचालक डेव्हिड सेन्सर यांनी सगळ्या देशाला लस टोचायची शिफारस केली, अध्यक्ष फोर्ड यांनी मार्चमध्ये ती जाहीर केली. चार कोटींहून अधिक लोकांना लस दिली गेली. साथ आलीच नाही. लस घेतलेल्यांत गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचं प्रमाण वाढलेलं दिसलं, डिसेंबरमध्ये मोहीम थांबवली, आणि पुढे सेन्सर यांना पद सोडावं लागलं.

सेन्सर घाबरट होते असं मी म्हणणार नाही. लस तयार करायला लावणं मला आजही पटतं. चूक दुसऱ्या पायरीवर झाली. लस बनवून ठेवणं हा एक निर्णय आणि ती दंडात टोचणं हा वेगळा निर्णय. ते दोन्ही मार्चमध्येच एकत्र घेतले गेले. वसंत गेला, उन्हाळा गेला, तळाबाहेर साथ कुठे दिसेना. पोलिओ लसीचे अल्बर्ट सेबिन आधी मोहिमेच्या बाजूने होते, तेही नंतर लस साठवून ठेवा म्हणू लागले. पण काय दिसलं तर थांबायचं हे सुरुवातीला ठरवलंच नव्हतं. माझ्या अर्ध्या पानाच्या टिपणात अंदाज कधी वर नेईन, कधी खाली आणेन हे सांगणाऱ्या त्या दोन ओळी तिथे हव्या होत्या.

आता कोविड, कारण प्रश्नाचा रोख तिकडेच असतो. २२ आणि २३ जानेवारी २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेच्या आपत्कालीन समितीची बैठक झाली, तज्ज्ञांत एकमत झालं नाही. ३० जानेवारीला महासंचालक टेड्रॉस यांनी आणीबाणी जाहीर केली. त्या दिवशी चीनबाहेर शंभराच्या आत रुग्ण होते आणि मृत्यू एकही नव्हता. भारतातला पहिला रुग्णही त्याच दिवशी केरळात सापडला. कायद्याने वाजवता येत होती ती सर्वांत मोठी घंटा तेव्हाच वाजली होती. जग हललं ते ११ मार्चला, 'महामारी' हा शब्द ऐकल्यावर, आणि त्या शब्दाला तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत काही स्थान नव्हतं. मधले सहा आठवडे बहुतेक देशांनी वाया घालवले. तेव्हा, कळलं नव्हतं का, याचं कोविडपुरतं उत्तर हे आहे: कळलं होतं, उघड सांगितलंही होतं, ऐकणाऱ्यांनी उशीर केला. नियमांत आता 'महामारी आणीबाणी' ही वरची पायरी आली आहे, सप्टेंबर २०२५ पासून ती लागू आहे. तिने फरक पडेल अशी आशा मला आहे.

आपल्याकडच्या एका प्रसंगाबद्दल मला बरंच वाटतं, तो नवापूरचा. २००६ च्या सुरुवातीला नंदुरबार जिल्ह्यातल्या या गावात पोल्ट्रीतल्या कोंबड्या मरायला लागल्या. आधी राणीखेत हा कोंबड्यांचा नेहमीचा रोगच वाटला. १८ फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल जाहीर झाला: एच५एन१, भारतात पहिल्यांदाच. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. ताप आलेल्या माणसांना वेगळं ठेवून त्यांचे नमुने तपासले, एकालाही लागण निघाली नाही. पोल्ट्रीवाल्यांचं कंबरडं मोडलं आणि राज्यभर चिकनचा खप पडला. "माणसाला तर काहीच झालं नाही, मग एवढं कशाला केलं?" हे तेव्हापासून ऐकते आहे. केलं नसतं तर काय झालं असतं, हे सिद्ध करून दाखवता येत नाही. माणसाला लागण होण्याची शक्यता कमी होती, पण झाली असती तर तो विषाणू निम्म्याहून जास्त रुग्णांना मारतो हे तेव्हाही माहीत होतं. असा हिशेब समोर असताना मी दर वेळी तेच करीन, आणि पोल्ट्रीवाल्यांची भरपाई वेळेत मिळावी म्हणून तेवढाच आग्रह धरीन. भरपाई मिळाली नाही, तर पुढच्या वेळी मेलेली कोंबडी गुपचूप पुरली जाते आणि आपल्याला काहीच कळत नाही.

माहिती खालून येते. लोक घाबरले की ती थांबते. पुण्यात हे १८९७ सालीच दिसलं आहे. प्लेग खरा होता, धोक्याचा अंदाजही चुकला नव्हता. पण प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे सोल्जर स्वयंपाकघरात, देवघरात शिरले आणि लोक रुग्ण लपवू लागले. त्या जूनमध्ये गणेशखिंडीत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

आज सोल्जर नाहीत, पण खुलासा मागणारी नोटीस आहे. एका जिल्ह्यात मी जवळून पाहिलं. गॅस्ट्रोचे रुग्ण वाढताहेत हे एका वैद्यकीय अधिकाऱ्याने पहिल्याच दिवशी कळवलं, पाइपलाइनला गटाराजवळ गळती आहे हेही शोधून काढलं. त्याच्या हातात आलं ते पत्र: "आपल्या कार्यक्षेत्रात उद्रेक का झाला, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा." गळती ज्यांच्या अखत्यारीत होती, त्यांना काही विचारलं गेलं नाही. पुढच्या पावसाळ्यात आसपासच्या केंद्रांचे आठवड्याचे अहवाल शून्य येऊ लागले. पाणी तेच होतं, नळ तेच होते. तो अहवाल वाचताना मला जी भीती वाटली, तेवढी कुठल्या विषाणूची कधी वाटली नाही.

म्हणून या पदांबद्दल माझं एकच मागणं आहे. इथे बसणाऱ्याचं मोजमाप त्या दिवशी त्याने काय लिहिलं त्यावरून व्हावं. साथ शेवटी मोठी झाली की छोटी, यावरून ते केलं, तर कुणीही शहाणा माणूस तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरणार नाही. आणि ही पदं अतिरिक्त कार्यभारावर ढकलू नयेत. दोन कार्यालयांचा भार वाहणाऱ्या माणसाला शून्य अहवालाचा संशय यायलाही सवड नसते. लिहिणारा आणि निर्णय घेणारा वेगळे असावेत, म्हणजे राजकीय सोय बघून अंदाज वरखाली होत नाही. मंत्र्यांनी अंदाज डावलून वेगळं ठरवलं तर तो त्यांचा अधिकार आहे, फक्त टिपण तारखेसकट फाइलमध्ये राहिलं पाहिजे.

पुढच्या साथीनंतर तुम्हाला हाच प्रश्न पडेल. तेव्हा ते टिपण मागा: कोणत्या तारखेला, कोणत्या माहितीवर, कोणी काय लिहिलं होतं, आणि त्यावर किती दिवसांनी सही झाली. माहितीच्या अधिकारात असा अर्ज करता येतो, त्याला दहा रुपये लागतात.