कुठवर आलास?

मुंबई ते नागपूर विमानाला किती वेळ लागतो? तिकिटावर दीड-पावणेदोन तास छापलेले असतात. प्रत्यक्ष हवेत विमान जेमतेम सव्वा तास असतं. तिकिटाचं घड्याळ विमान जागेवरून हललं की सुरू होतं आणि तिकडे जागेवर लागलं की थांबतं, म्हणून हा फरक. अंतर तर त्याहून लबाड. सरळ रेषेत 680 किलोमीटरच्या आसपास, रेल्वेने 837 आणि समृद्धीने 701. तेही आमणे गावापर्यंत, पुढचं भिवंडीचं ट्रॅफिक ज्याच्या त्याच्या नशिबाचं.

नागपूरला आई आहे. तिला यातला एकही आकडा नको असतो. ती फोन करून एवढंच विचारते, "कुठवर आलास?"

विदर्भ एक्स्प्रेसने जायचो तेव्हा याला उत्तर असायचं. रात्री कसाऱ्याहून सांगायचं, घाट चढायला मागून बँकर इंजिनं लावताहेत. भुसावळ झोपेत जायचं. सकाळी "बडनेरा गेलं" म्हटलं की ती अंघोळीला जायची आणि "वर्धा सुटलं" म्हटलं की पोहे भिजवायची. तिची सगळी सकाळ त्या स्टेशनांवर चालायची.

विमानात कुठवर आलो ते मलाच कळत नाही. खाली ढग, फोन बंद. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून येतात, त्यामुळे जाताना विमानाला पाठीवर थाप आणि परतताना छातीवर हात. ही गंमत आईला सांगितली, तर म्हणाली, "म्हणजे थंडी आहे ना वर? स्वेटर घातलास का?"

नागपूरला विमानांचं अप्रूप तसं जुनंच. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांची विमानं मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेच्या आत आपापल्या गावी परतायची. प्रवासीही तिथेच उतरून विमान बदलायचे. देशभरची पत्रं रोज रात्री आमच्या गावात भेटत होती, याचा मला उगाचच अभिमान आहे.

परवा परतताना विमान मुंबईवर पंचवीस मिनिटं घिरट्या घालत राहिलं. इथल्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्हींवर एकाच वेळी काम चालत नाही. रांग आकाशात लागते. उतरल्या उतरल्या फोन लावला, "पोचलो गं."

"घरी?"

"नाही, विमानतळावर."

"मग पोचलो काय म्हणतोस?"

घर डोंबिवलीला. मेट्रोने घाटकोपर गाठलं, तिसरी लोकल मिळाली, दाराजवळ उभा राहिलो. मुलुंड सुटताना फोन वाजला.

"कुठवर आलास?"

"आता ठाणं येईल."

"बरं. दिवा स्टेशन आलं की सांग."