कोर्सच नाही?

डिस्चार्ज कार्ड बाबांनी भिंग लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "अँटिबायोटिक लिहायचं विसरलेत."

पॅरासिटामॉल होतं, पोट साफ होण्याचं पातळ औषध होतं, बाकी काही नाही. आदल्या दिवशी माझ्या जांघेतल्या हर्नियाला जाळी बसवली होती. म्हणजे शरीरात परकी वस्तू, आणि वर मला मधुमेह. बाबांची सगळी नोकरी पिंपरीच्या एचएत, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये गेली. १९५४ साली स्थापन झालेली ही सरकारी कंपनी पुढच्याच वर्षी पेनिसिलिन काढायला लागली होती. आमच्या घरी "कोर्स पूर्ण कर" हे शुभंकरोतीच्या जोडीनं शिकवलं गेलं. इथे पूर्ण करायला कोर्सच नव्हता.

खरं तर तयारी दोन महिने आधीपासून चालली होती. पहिल्या भेटीत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी, ८.६ निघालं आणि सर्जननी तारीखच दिली नाही. साखर चढलेली असली की जखम भरायला वेळ लागतो आणि जंतूंचं फावतं, म्हणाले. मग रोज सकाळी कर्वेनगरचा कॅनॉल रोड, रात्री भाताला रजा. ७.३ आल्यावर तारीख मिळाली.

त्यात एक शहाणपणा मी स्वतःच केला. शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून आदल्या संध्याकाळी घरीच रेझरनं केस काढले. दोन ठिकाणी कापलंही. सकाळी सर्जननी ते पाहिलं आणि चेहरा बदलला. "कोणी सांगितलं होतं?" रेझरनं त्वचेवर बारीक बारीक ओरखडे उठतात आणि तिथेच जंतू ठाण मांडतात. केस आड येत नसतील तर काढायचेच नाहीत. काढायचे तर ऐन वेळी, क्लिपरनं, म्हणजे केस कापायच्या मशीननं. सुदैवानं ओरखडे चिऱ्याच्या जागेपासून लांब होते. नाहीतर परत पाठवलं असतं, असं त्यांनी सरळ सांगितलं. साध्या साबणानं स्वच्छ आंघोळ करून आलो होतो, तेवढंच काय ते बरोबर.

भूल पाठीच्या मणक्यातून दिली होती, त्यामुळे कान शाबूत होते. पडद्यापलीकडून सिस्टरचा आवाज आला, "अँटिबायोटिक?" भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "सेफाझोलिन दोन ग्रॅम, नऊ दहाला." "चिरा?" "नऊ पस्तीस." रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसं. मागाहून कळलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑपरेशनच्या तपासयादीत हा प्रश्नच आहे: गेल्या साठ मिनिटांत अँटिबायोटिक दिलं का?

त्या नऊ दहाच्या इंजेक्शनातच सगळं आलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या डॉक्टरांना मी बाबांच्या वतीनं विचारलं, तेव्हा त्यांनी दोन मिनिटं उभं राहून सांगितलं. जंतू जखमेत शिरतात ते बहुतेक चिरा उघडा असताना, आणि पुष्कळदा आपल्याच त्वचेवरचे. त्या वेळी औषध रक्तात आणि मांसात आधीच पोचलेलं हवं. बोस्टनच्या जॉन बर्क यांनी १९६१ साली गिनीपिगवर हेच दाखवलं: जंतू टोचण्याआधी औषध दिलं तर उत्तम काम, तीन तास उशिरा दिलं तर दिल्या न दिल्यासारखंच. ऑपरेशन लांबलं, चार तासांच्या पुढे गेलं किंवा फार रक्त गेलं, तर मध्येच दुसरा डोस देतात. माझं तासाभरात आटोपलं. टाके घातल्यावर पुढे पाच दिवस गोळ्या खाऊन जखम जास्त सुरक्षित होत नाही. जुलाब मात्र होऊ शकतात, आणि औषधाला न जुमानणारे जंतू पोसले जातात.

पटलं. तरीही घरी आल्यावर बाबांचा चेहरा पाहून मी मुलाला कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे पाठवलंच. चिठ्ठी न मागता त्यानं दहा गोळ्यांची पट्टी दिली. ती टेबलावर पडून होती. बाबा येता-जाता तिच्याकडे बघायचे, मी त्यांच्याकडे.

सहाव्या दिवशी माझी फाटली. जखमेखाली मऊ फुगा आणि कडेला लाली. मी पट्टी हातात घेतली, आणि खाली ठेवली. बॉलपेननं लालीच्या कडेनं रेघ ओढली, फोटो काढला आणि फोन केला. पलीकडून प्रश्न सुरू झाले. ताप आहे का? दुखणं वाढतंय का? पू, वास? लाली रेघेबाहेर गेली? सगळ्याला नाही. तरी दुपारी बोलावून हात लावून पाहिलं. पाणी साठलंय, हर्नियानंतर बऱ्याच जणांना होतं, आपोआप जिरेल, सुई घालायची नाही, म्हणाले. रेघ मात्र पुसू नका. आणि जाळी असल्यामुळे नव्वद दिवस लक्ष ठेवा, काही वाटलं तर गोळी घेऊन मग येऊ नका, आधी या.

शेजारच्या काकू हळद लावायला सांगून गेल्या. ती दुधात घेतली, जखमेवर नाही.

फुगा तीन आठवड्यांत जिरला. बाबांनी कालनिर्णयवर नव्वदाव्या दिवसाला गोल केला होता. तो उलटला त्या संध्याकाळी ते एचएतल्या जुन्या सहकाऱ्याला फोनवर सांगत होते, "एकच इंजेक्शन रे! तेसुद्धा कापायच्या आधी!" तक्रार होती की कौतुक, आवाजावरून कळेना.

पट्टी केमिस्टला परत केली. पैसे दिले नाहीत त्यानं, बदल्यात टूथपेस्ट दिली.