समृद्धीवर काटा १०० वर

आज बाबांना घेऊन नागपूरहून शिर्डीला आलो, समृद्धीवरून. वर्धा मागे पडल्यावर क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग गाडीला आपोआप धरून ठेवायला लावणारं बटण, १०० वर लावला आणि पाय मोकळा केला. बाबा शेजारी बसून सारखे स्क्रीनवरचं अ‍ॅव्हरेज बघत होते. एरवी माझ्या पायाने तिथे १६-१७ दिसतं. आज जालन्यापर्यंत १९ च्या खाली आलं नाही. फार बरं वाटलं.

क्रूझ नसला की पाय नकळत ९० वरून ११५ वर जातो, मग सुटतो, पुन्हा दाबला जातो. प्रत्येक वेळी तोच वेग पुन्हा मिळवायला डिझेल जळतं. शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १०० ऐवजी १२० ला तो ४४ टक्के जास्त! मर्यादा १२० आहे म्हणून क्रूझही तिथेच लावला, तर वाचलेलं सगळं वाऱ्याशी झुंजण्यात जातं.

चढावर मात्र मी तो बंद करतो. साध्या क्रूझला पुढचा चढ दिसत नाही. वेग पडला की गाडी गिअर उतरवून जोर लावते. आपण थोडा वेग पडू देतो, माथ्यावरून उतरताना तो आपोआप परत येतो.

आणि हो, पाय मोकळा असला की डोळे जड होतात. दर दीड तासाला थांबलोच.

शिर्डीत उतरताना बाबा म्हणाले, "परत जाताना मी चालवतो. मला ते बटण दाखवून ठेव."