सेरेंगेटीत तित्तरासाठी ब्रेक

सेरेंगेटीतल्या सेरोनेरात सकाळी सफारीची गाडी सुटली की ड्रायव्हर मंडळींची वायरलेसवर एकच चौकशी चालू होते: सिंबा (सिंह) कुठे, चुई (बिबट्या) कुठे. अशा वेळी रस्त्याकडेच्या तित्तरासाठी गाडी थांबवायला सांगणारा प्रवासी म्हणजे डोकेदुखीच. आमचा गाइड म्हणाला, "क्वाले (तित्तर)? हे तर सगळीकडे दिसतात."

सेरेंगेटीपुरतं त्याचं खरं होतं. पण समोरचा तो तित्तर, ग्रे-ब्रेस्टेड स्परफाउल, जगात जवळजवळ फक्त टांझानियाच्या उत्तर भागातच सापडतो. सिंह आपल्या गीरमध्येही आहेत.

ओळख पटवायची तर पिसांच्या नादी लागू नये. तपकिरी, राखाडी, रेघारेघांचं अंग या साऱ्या जातभाईंचं थोडंफार सारखंच. बघायचा तो गळा. तिथे पिसं नसतात, नुसती उघडी कातडी असते. पिवळीधमक असेल तर यलो-नेक्ड, लाल असेल आणि पायही लाल असतील तर रेड-नेक्ड. आमच्या पक्ष्याचा गळा नारिंगी-गुलाबी होता, छाती राखाडी आणि पाय मळकट तपकिरी. नराच्या पायाला मागे कोंबड्यासारखी आरी असते, पण गवतात पाय दिसतील तर शपथ!

पहाटे मात्र काम सोपं होतं. नर वारुळावर किंवा ओंडक्यावर चढून घसा खरवडल्यासारखं ओरडतात. इतका कर्कश आवाज आला की तो स्परफाउल. फ्रँकोलिन हा तित्तरांचा दुसरा गट त्या मानाने बराच सुरेल. रात्री स्परफाउल झाडावर चढून बसतात, फ्रँकोलिन बहुतेक जमिनीवरच झोपतात. दोघं दिसायला सख्खे भाऊ वाटले तरी नातं दूरचं आहे: स्परफाउल लावा पक्ष्यांच्या गोतावळ्यातले, तर फ्रँकोलिन रानकोंबड्यांना जवळचे. एकेकाळी सगळ्यांना एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) कोंबलं होतं, ते पुढे डीएनए तपासल्यावर सुटं झालं.

पुढे तारांगिरे उद्यानात पिवळ्या गळ्याची स्परफाउल जोडी हत्तीच्या लिदीचा ढीग उकरताना दिसली. हत्तीला खाल्लेलं धड पचत नाही, त्यामुळे लिदीत अख्ख्या बिया मिळतात, शिवाय किडे. दहा मिनिटं उकरणं चाललं होतं आणि आमच्या गाडीत तेवढाच वेळ डबे उघडले गेले.

तिथल्याच झुडपांत क्रेस्टेड फ्रँकोलिन भेटला. भुवईवर ठळक पांढरी पट्टी, शेपूट गावठी कोंबडीसारखी वर. माळावर, ज्वारीच्या बांधावर दिसणारा आपला तित्तर आणि हा, दोघांची प्रजाती आज एकच मानली जाते: ऑर्टिगॉर्निस. क्रेस्टेडचे नर-मादी मिळून आळीपाळीने ओरडतात, तेही इतकं जुळवून की एकच पक्षी ओरडतोय असं वाटावं. गाइडने आपणहून इंजिन बंद केलं आणि झुडपात दुसरा कुठे बसलाय ते बोटाने दाखवलं.