पपेटमधून अँसिबलमध्ये येताना

आज दिवसभर एकच काम केलं: पपेटमध्ये लिहिलेली सर्व्हरची मांडणी अँसिबलमध्ये आणायची. सर्व्हरवर काय काय असावं हे लिहून ठेवलं की तसं करून देणारी ही दोन साधनं. पॅकेज, युझर, सर्व्हिस हे सगळं कन्व्हर्जन स्क्रिप्टनं दुपारपर्यंत उतरवून दिलं. नावं बदलली, अर्थ तोच राहिला.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. एका फोल्डरला पपेटमध्ये 'पर्ज' लावलेलं होतं. म्हणजे तिथे आपण न सांगितलेली फाइल दिसली की ती काढून टाकायची. अँसिबलचं कॉपी मॉड्यूल फाइल ठेवतं, पण आधीची जास्तीची काढत नाही. स्क्रिप्टनं ती ओळ गुपचूप गाळली, एकही एरर नाही! चाचणीच्या सर्व्हरवर जुनी कॉन्फिग फाइल तशीच पडलेली दिसली तेव्हा कळलं. मला याचीच भीती वाटते. एरर आली तर माणूस शोधतो तरी.

रीस्टार्टचंही तसंच. अँसिबलमध्ये हँडलर, म्हणजे बदल झाला तरच करायची रीस्टार्टसारखी कामं, सगळे टास्क संपल्यावर चालतात आणि माझ्या एका टास्कला मधेच रीस्टार्ट झालेली सर्व्हिस हवी होती. तिथे हँडलर आधी चालवून घेण्याची ओळ हातानं घातली.

आणि पपेटचा एजंट, म्हणजे सर्व्हरवर चालू असलेला त्याचा प्रोग्राम, डिफॉल्टनं दर 30 मिनिटांनी सर्व्हर तपासून ठरलेल्या स्थितीत आणतो. अँसिबल आपण चालवू तेव्हाच चालतं. पपेटचं हे आपोआप तपासणं आमच्या एकाही मॅनिफेस्टमध्ये (पपेटच्या मांडणीच्या फाइलमध्ये) लिहिलेलं नाही, मग स्क्रिप्टला दिसणार कुठून?

उद्या आधी अँसिबल ठरावीक वेळाने चालवण्याचं वेळापत्रक लावते. दोन मॉड्यूल मात्र नव्यानंच लिहिणार आहे.